कार्ड आणि दवाखाना : डॉक्टरांचे म्हणणे काय?

सोयाबीनचा आणि कपाशीचा पैसा हाती येऊ लागला की बार्शीटाकळीच्या बाजारात आणि वस्त्यांत आरोग्य विम्याची गोष्ट निघते. एखादा एजंट सांगतो, वर्षाला एवढे हजार भरा आणि निश्चिंत राहा. दुसरा सांगतो, पैसे कशाला भरता, सरकारी कार्ड काढा, पाच लाखांचा इलाज फुकट आहे. आणि ओसरीवर बसलेला एखादा म्हातारा विचारतो, "अरे बाप्पा, पाच लाखाचं राहू द्या, माह्या बीपीच्या गोया भेटतीन काय त्या कार्डावर?"

आमच्या मते या तिघांत खरा प्रश्न त्या म्हाताऱ्याचा आहे. विमा खाजगी असावा की सरकारी, की विमाच नको आणि दवाखाना सरकारने चालवावा, या वादावर जगभरातील डॉक्टर मंडळी शंभर वर्षांपासून भांडत आली आहेत. डॉक्टर म्हणजे सगळे एका मताचे, असे आपण समजतो. ते तसे नाही. डॉक्टरांतही गट आहेत आणि प्रत्येकाच्या म्हणण्यामागे त्याचा अनुभव व त्याचा हिशेब आहे. हा वाद आपल्या घरापर्यंत येतो, म्हणून तो आपण समजून घेतला पाहिजे.

तीन वाटा

आजाराचा खर्च भागवण्याच्या ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट खाजगी विम्याची. आपण दरवर्षी हप्ता भरायचा आणि दवाखान्यात भरती झालो तर कंपनीने बिल द्यायचे. आपल्या देशात मेडिक्लेम नावाची अशी पॉलिसी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणली. १९९९ च्या कायद्यानंतर या धंद्यात खाजगी कंपन्या उतरल्या. यात हप्ता वयाप्रमाणे वाढतो. ज्याला आधीपासून साखर किंवा दम्याचा आजार आहे त्याला त्या आजारासाठी पॉलिसी घेतल्यावर तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. २०२४ पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत होती. सरळ सांगायचे तर ज्याला इलाजाची गरज जास्त, त्याला ही वाट महाग पडते.

दुसरी वाट सरकारने आपल्या वतीने खर्च भरण्याची. दवाखाना खाजगी असो की सरकारी, ठरलेल्या आजाराचे ठरलेले पैसे सरकारी योजनेतून दवाखान्याला मिळतात. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपल्या वऱ्हाडातील अमरावती जिल्हा होता. पुढे २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि अकोला जिल्ह्यालाही मिळाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. आरंभी ती विमा कंपनीमार्फत चालली आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत मर्यादा होती. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली, ती पाच लाखांची. २०२३ मध्ये राज्य सरकारने आपलीही मर्यादा पाच लाख करण्याचा व सर्व रेशनकार्डधारकांना सामावून घेण्याचा निर्णय केला. २०२४ पासून तो अमलात आला.

तिसरी वाट म्हणजे करातून पैसा गोळा करून सरकारने स्वतः दवाखाने चालवण्याची. आपले उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, बार्शीटाकळीचे ग्रामीण रुग्णालय आणि अकोल्याचे सर्वोपचार ही तिसरी वाट आहे. इथे कार्डाला महत्त्व कमी, डॉक्टर जागेवर असण्याला महत्त्व जास्त.

पाया कधी घातला गेला

ही चर्चा आपल्याला नवी नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम सोपवण्यात आले. अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यावर पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे योजनेचा आरंभ झाला.

या योजनेचे तत्त्व वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. कामगाराने आपल्या पगाराच्या प्रमाणात भरायचे, मालकाने त्याहून जास्त भरायचे आणि इलाज मात्र गरजेप्रमाणे मिळायचा. २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के करण्यात आला. ज्याचा पगार कमी त्याने कमी भरायचे, पण त्याच्या बायकोच्या बाळंतपणाचा इलाज कमी दर्जाचा करायचा नाही. विम्यातली समता ती हीच.

पण ही योजना कारखान्याच्या आणि आस्थापनेच्या दारापाशी थांबली. पिंजर, महान, धाबा या भागात कापूस वेचणारी बाई, सोयाबीन सोंगणारा गडी, विटाभट्टीवरचा मजूर, गवंड्याच्या हाताखालचा माणूस यांच्या डोक्यावर मालक रोज बदलतो. मग त्यांच्या नावाने सव्वातीन टक्के कोण भरणार?

याचे उत्तर त्याच काळातील दुसऱ्या एका समितीने दिले होते. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. समितीत नामवंत डॉक्टर होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही इलाजावाचून राहू नये, ही त्या अहवालाची भूमिका होती. त्यासाठी गावाजवळ आरोग्य केंद्र, त्यावर मोठे रुग्णालय आणि सारा खर्च सरकारी तिजोरीतून, असा आराखडा त्यांनी मांडला. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे ही त्या विचाराची लेकरे आहेत. लेकरे जन्माला आली, पण त्यांना पोटभर खाऊ घातले गेले नाही, हे दुःख आहे.

परदेशातील डॉक्टरांचा विरोध

सरकारने आरोग्याचा भार उचलायचे ठरवले की डॉक्टर आधी विरोध करतात, असा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन हे खाणकामगाराचे पुत्र होते आणि स्वतःही कोवळ्या वयात खाणीत उतरलेले होते. त्यांनी ५ जुलै १९४८ पासून सर्वांना मोफत आरोग्यसेवा देण्याचे ठरवले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ डॉक्टर विरोधात गेले. आम्ही सरकारचे नोकर होऊ, ही त्यांची भीती होती. बेव्हन यांनी त्यांना काही सवलती दिल्या. योजना ठरल्या दिवशी सुरू झाली आणि आज त्याच देशातील डॉक्टर ती मोडू नये म्हणून बोलतात.

कॅनडात सस्कॅचेवान नावाच्या प्रांताने १ जुलै १९६२ रोजी सर्वांसाठी सरकारी विमा सुरू केला, तेव्हा तेथील डॉक्टर २३ दिवस संपावर गेले. संप मिटला, विमा राहिला आणि पुढे साऱ्या देशाने ती वाट धरली. अमेरिकेत मात्र डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने अनेक वर्षे सरकारी विमा अडवून धरला. तेथेही वारे बदलले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५९ टक्के डॉक्टरांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या कायद्याला पाठिंबा दिला. २००२ मध्ये हे प्रमाण ४९ टक्के होते. खाजगी कंपन्यांचे कागद भरण्यात आमचा वेळ जातो आणि पैशाअभावी रोगी उशिरा येतो, ही त्या डॉक्टरांची मुख्य तक्रार आहे.

आपल्याकडील डॉक्टर काय म्हणतात

आपल्या देशात खाजगी दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे आपण शांतपणे ऐकले पाहिजे. आयुष्मान भारत योजना आली तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने दरांवर जाहीर हरकत घेतली. सिझेरियन बाळंतपणाला सुमारे ९,००० रुपये ठरले होते. एवढ्या पैशात भूल देणारा डॉक्टर, नर्स, औषधे आणि खाटेचे भाडे निघत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. सरकारकडून पैसे उशिरा येतात, ही दुसरी तक्रार. तालुक्याच्या गावी दहा खाटांचा दवाखाना कर्ज काढून उभा करणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने ही तक्रार खोटी नाही. पण तिचा परिणाम रोग्यावर होतो. दर परवडत नाही म्हणून दवाखाना योजनेत येत नाही, किंवा आला तरी "हा आजार कार्डात बसत नाही" असे ऐकावे लागते.

राजस्थानात तर वाद रस्त्यावर आला. तेथील विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर केला. तातडीच्या रोग्याला पैसे न मागता दाखल करून घ्यावे, असे त्यात होते. मग आमचे पैसे कोण देणार, असे विचारत खाजगी डॉक्टर संपावर गेले. सरकारशी समझोता होऊन एप्रिलच्या आरंभी संप मिटला. प्रश्न डॉक्टरांचा रास्त होता. पण अपघातात सापडलेल्या मजुराने त्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत दारात पडून राहावे काय, हाही प्रश्न तेवढाच रास्त होता.

दुसरा आवाज

डॉक्टरांमध्येच एक दुसरा आवाज आहे. तो कमी ऐकू येतो, म्हणून आम्ही तो येथे मुद्दाम देत आहोत.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली नियोजन आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. सर्वांना आरोग्यसेवा द्यायची तर पैसा मुख्यतः करातून यावा, सरकारसाठी सेवा विकत घेण्याच्या कामात विमा कंपन्यांना मध्ये घालू नये आणि आरोग्यावरील खर्चाचा मोठा हिस्सा गावपातळीच्या प्राथमिक सेवेवर व मोफत औषधांवर व्हावा, असे या गटाने सांगितले. यातील कारण साधे आहे. कंपनी मध्ये आली की तिचा नफा आणि तिचा कारभार यांचाही खर्च इलाजाच्या पैशातून जातो.

दुसरे उदाहरण आमच्या माता-भगिनींनी जरूर वाचावे. २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली होती. कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचा इलाज मिळे. बिहार, छत्तीसगड व राजस्थानात काही खाजगी दवाखान्यांनी गरज नसताना बायकांची पिशवी काढण्याची ऑपरेशने केली, अशी तक्रार घेऊन डॉ. नरेंद्र गुप्ता २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. कार्डावरचे पैसे मिळवण्यासाठी हे घडले, आणि त्यात दलित, आदिवासी व मागास समाजांतील गरीब स्त्रिया बळी पडल्या, असे त्यांचे म्हणणे होते. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि अशी ऑपरेशने रोखण्याचे नियम सर्व राज्यांनी लागू करावेत असा आदेश केला. एका डॉक्टरने आपल्याच व्यवसायातील गैरप्रकाराविरुद्ध दहा वर्षे लढा दिला. कार्डाने इलाजाचे दार उघडते, तसे लोभाचेही उघडू शकते, हा त्यातला धडा.

महाराष्ट्रातील डॉ. अरुण गद्रे यांनी लासलगावला अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केले. त्यांनी आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातील ७८ डॉक्टरांचे अनुभव गोळा करून पुस्तकरूपाने मांडले. रोगी पाठवण्यासाठी दिले जाणारे कमिशन, नको असलेल्या तपासण्या, मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांना ठरवून दिलेले कमाईचे आकडे यांबद्दल डॉक्टरच त्यात बोलले आहेत. अशा बाजारावर लगाम नसेल तर विमा खाजगी असो वा सरकारी, पैसा गळतच राहणार, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

सेवाग्रामची ज्वारी

आता आपल्या शेजारचे उदाहरण. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आणि डॉ. उल्हास जाजू यांनी गावकऱ्यांसाठी वेगळाच विमा चालवला. त्यात हप्ता पैशात नव्हता. ज्वारीचे पीक घरात आले की प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जास्त शेती असणाऱ्याने जास्त, भूमिहीन मजुराने कमी. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच ते गाव योजनेत घेतले जाई. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि रुग्णालयात सवलतीचा इलाज.

वैद्यकाच्या अभ्यासकांनी या योजनेची दखल घेतली, त्यामागे दोन कारणे आम्हांला दिसतात. एक, विमा चालवणारा आणि इलाज करणारा एकच होता. मध्ये कोणी दलाल नव्हता. दोन, गोळा झालेली ज्वारी केवळ भरती झालेल्यांसाठी नव्हती, गावातल्या रोजच्या आरोग्यासाठीही होती. अडारकरांनी कामगारांसाठी जे सांगितले, तेच शेतमजुरासाठी सेवाग्रामने ज्वारीच्या मापात करून दाखवले. मात्र एका चांगल्या रुग्णालयाच्या आधारावर काही गावांत जे जमते, ते राज्यभर करायचे तर सरकारनेच पुढे आले पाहिजे, हेही खरे.

बार्शीटाकळीच्या घरात याचा अर्थ

समजा, एका घरात नवरा-बायको दोघे रोजीने जातात. म्हाताऱ्याला बीपी, म्हातारीला साखर, सुनेला सातवा महिना, लहान पोराला दर पावसाळ्यात ताप. एका वर्षात या घराला हृदयाच्या ऑपरेशनची गरज पडण्याची शक्यता थोडी. पडली तर सरकारी कार्ड देवासारखे धावून येते, यात शंका नाही. ज्या घराने कार्डावर ऑपरेशन करून माणूस परत आणला त्या घरासमोर योजनेची निंदा करण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

पण दर महिन्याला या घराचा पैसा जातो कुठे? गोळ्यांना, रक्त तपासणीला, खाजगी डॉक्टरच्या फीला आणि सुमारे वीस किलोमीटरवरच्या अकोल्याच्या भाड्याला. त्यात रोजी बुडते ती वेगळी. भरती न होता घेतलेल्या या रोजच्या इलाजाला सरकारी कार्ड सहसा उपयोगी पडत नाही, आणि नेहमीची खाजगी पॉलिसीही नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातील आरोग्याच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी आपल्या खिशातून केला. हा खिसा कार्डाने भरून निघत नाही. तो भरून निघतो तो जवळच्या सरकारी दवाखान्यात गोळी असल्याने आणि डॉक्टर असल्याने.

आणि तिथेच उणीव आहे. ग्रामीण भागातील तिसऱ्या पायरीच्या रुग्णालयात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत असा सरकारी नियम आहे. केंद्राच्याच २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे देशभरात अशा तज्ज्ञांची गरजेच्या मानाने सुमारे ८० टक्के कमतरता होती. मग ताप वाढला की चिठ्ठी मिळते, "अकोल्याला न्या". सर्पदंश झालेल्या गड्याला किंवा कळा सुरू झालेल्या बाईला वीस किलोमीटर फार दूर असतात.

म्हणून आम्हांला वाटते की सरकारी विमा की खाजगी विमा, हा प्रश्न अर्धाच आहे. विम्याला विरोध करणारा आणि विम्याचे दर वाढवून मागणारा, हे दोन्ही डॉक्टर एक गोष्ट नाकारू शकत नाहीत. विमा बिल भरतो, डॉक्टर निर्माण करत नाही. सरकारी तिजोरीतला पैसा आधी गावच्या दवाखान्याला आणि मग कार्डाला, असा क्रम लागला तरच मजुराचे घर कर्जातून वाचेल.

घरात काय करावे

तोपर्यंत हात बांधून बसू नये. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. दोन्हींवरची नावे जुळतात का, नवी सून आणि नवे बाळ रेशनकार्डात चढले का, हे आजारपण येण्याआधी पाहून घ्यावे. आयुष्मान कार्ड आधीच काढून ठेवावे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, भरती होण्याआधी त्याला भेटावे. १५५३८८ या मोफत क्रमांकावर कोणते रुग्णालय व कोणता आजार योजनेत आहे ते विचारता येते. योजनेत मंजूर झालेल्या इलाजासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागावी आणि तक्रार करावी.

कोणी पिशवी काढण्याचा किंवा मोठ्या ऑपरेशनचा सल्ला दिला तर घाबरून लगेच सही करू नये. तातडीची वेळ नसेल तर अकोल्याच्या सरकारी स्त्री रुग्णालयात किंवा सर्वोपचारमध्ये दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. खाजगी पॉलिसी घ्यायचीच असेल तर जुना आजार लपवू नये, नाहीतर ऐन वेळी कंपनी हात वर करते. एजंटला तोंडी विचारू नये, कागदावर दाखवायला सांगावे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून इलाज मोफत करण्यात आला आहे. बीपी आणि साखरेच्या गोळ्यांसाठी आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. गोळ्या नाहीत असे सांगितले तर मुकाट परत फिरू नये. कोणती गोळी, कोणत्या तारखेला नव्हती, हे वहीत लिहून ठेवावे. अशी दहा घरांची वही ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवली तर तिला वजन येते.

वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. येत्या ग्रामसभेत रस्ता आणि नळ यांच्या सोबत एक ठराव असाही मांडावा, की आमच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती भरल्या आहेत, ते फळ्यावर लिहा.